पंखा कोणी काढला?

गाडी मला आमच्या विभागप्रमुखांनी दिली, असं मी त्या काळी जयपूरभर सांगत असे. वास्तविक त्यांनी ती मला रोख विकली होती. पण कृतज्ञ राहायची मला लहानपणापासून सवय. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. वडील खानदेशातल्या एका जिनिंग मिलमध्ये यंत्रांना तेल घालायचं काम करत. फी माफ करणारे हेडमास्तर, जुनी पुस्तकं देणारा दुकानदार, वसतिगृहात ताटात एक भाकरी जास्तीची टाकणाऱ्या मावशी, अशा इतक्या लोकांनी मला वर ढकललं होतं की कुणी काहीही हातात ठेवलं तरी आधी वाकायचं आणि मग ते काय आहे ते बघायचं, असा माझा क्रमच ठरून गेला होता. गाडीच्या बाबतीत तेच झालं. आधी वाकलो. बॉनेट नंतर उघडलं.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं ती. मी तिथल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो, पण तात्पुरता. दर उन्हाळ्यात माझी नेमणूक संपायची आणि जुलैत, विभागप्रमुखांच्या मनात असलं तर, पुन्हा मिळायची. ते पुण्याचे. गावातल्या मराठी मंडळाचे अध्यक्षही तेच. चार वर्षांनी एकदाची एक कायम जागा निघाली. मुलाखत सोमवारी अकराला. निवड समितीतले बाहेरचे तज्ज्ञ त्याच दिवशी सकाळच्या गाडीने दिल्लीहून यायचे होते.

"त्यांना स्टेशनवरून तुम्हीच घेऊन या," विभागप्रमुख मला म्हणाले. "आपली गाडी आहेच."

विकून दीड वर्ष झालं तरी गाडी त्यांच्या बोलण्यात 'आपली'च होती.

"सर, मी उमेदवार... बरं दिसेल का ते?"

"अहो, न दिसायला काय झालं? वाटेत दोन शब्द होतील. तुमचं नाव त्यांच्या कानावर राहील. मी सगळा विचार करूनच सांगतो तुम्हाला."

मी आभार मानले.

हे ठरलं गुरुवारी. शुक्रवारी घरी आलेल्या पाहुण्यांना आमेरचा किल्ला दाखवायला निघालो आणि आमेरच्या अलीकडच्या चढावर गाडीने चहाच्या किटलीसारखी वाफ सोडली. रस्त्याकडेच्या मिस्त्रीने बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "पानी का पंप गया, मास्साब. पंखा खोलो, पंप बदलो, बस." मी म्हटलं, मग बदला. तो म्हणाला, "मैं तो गाँव चला. आखा तीज है." आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, लेकी माहेरी येतात आणि झोके घेतात. जयपूरला त्या मुहूर्तावर लग्नं लागतात, आणि त्या आठवड्यात शहरातला प्रत्येक मिस्त्री कुणाचा तरी मामा नाहीतर मेहुणा असतो. थांबत थांबत, पाणी ओतत ओतत घरी पोचलो आणि चांदपोलबाहेरच्या दुकानातून नवा पंप घेऊन आलो. पंप मिळाला, बसवणारा कुठेच मिळेना. सोमवारपर्यंत गाडी चालू झाली नाही तर तज्ज्ञ स्टेशनवर ताटकळणार, विभागप्रमुखांची फजिती होणार, आणि माझी कायम जागा दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत बसून निघून जाणार, एवढं मला स्पष्ट दिसत होतं.

विभागप्रमुखांना कळवलं. शनिवारी सकाळी ते स्वतः आले, आणि येताना मंडळाच्या खजिनदारांना घेऊन आले. खजिनदार हे सरकारी दवाखान्यात हाडांचे डॉक्टर. आमचं भाड्याचं घर रेल्वे क्वार्टरांच्या भिंतीला लागून होतं. बाहेर कडुनिंबाच्या सावलीत गाडी उभी होती. बायकोने दोन खुर्च्या आणून ठेवल्या. मंडळाची बैठक भरते तशी बैठक भरली, फक्त सतरंजीच्या जागी माझी गाडी होती.

इंजिनाच्या तोंडाशी एक चार पात्यांचा पंखा असतो. रेडिएटरमधलं पाणी थंड ठेवायला तो फिरतो. त्याच्या मागे पट्ट्यावर फिरणारी पुली, तिच्या मागे पंप. मधोमध एक जाडजूड नट. तो सुटला की पंखा हातात येतो, आणि पंखा आला की पंप. काम एवढंच. मी नटाला पाना लावला.

"डावीकडे," विभागप्रमुख खुर्चीतून म्हणाले. "नट डावीकडे सुटतो. हे शाळेतल्या पोराला माहीत असतं."

मी डावीकडे जोर लावला. नट हलला नाही. पंखा मात्र पान्याबरोबर गर्रकन फिरला आणि एक पातं माझ्या मनगटावर बसलं.

"पुली धरायला हवी कुणीतरी," डॉक्टर म्हणाले. "आमच्याकडेही पेशंटचा पाय धरायला माणूस लागतो." त्यांच्या अंगावर पांढरा सदरा होता, म्हणून पुली बायकोने धरली. पोळपाट-लाटणं धरणारे तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले.

दुपारपर्यंत आम्ही रॉकेल ओतलं, हातोडीने ठोकलं, पान्याला लोखंडी पाइप जोडून त्याची लांबी दुप्पट केली. पाइपाची कल्पना विभागप्रमुखांची. तरफेचा नियम त्यांनी मला समजावूनही सांगितला. मी तो आठवड्यातून चार वर्गांना शिकवत होतो, तरी लक्ष देऊन ऐकला. पाइपाला मी अक्षरशः लोंबकळलो. नट ढिम्म.

"गंजलाय," विभागप्रमुख.

"गंज नाही, हट्ट आहे," डॉक्टर.

मधेच पाना काढून पुन्हा लावताना माझा हात उजवीकडे गेला. बायको पुलीवरून म्हणाली, "अहो, आत्ता उलटं गेलं तेव्हा जरासं हलल्यासारखं वाटलं मला."

विभागप्रमुख हसले. "वहिनी, तुम्ही चहाचं बघा. फार घाम आलाय सगळ्यांना."

घाम दोघांनाच आला होता. ती उठली आणि चहाचं बघायला गेली. आता इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ते हलणं माझ्याही हाताला लागलं होतं. आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं होतं की फिरत्या वस्तूवरचा नट तिच्या फिरण्यानेच सैल होऊ नये म्हणून त्याचे आटे उलटे ठेवत असतील, म्हणजे आपण सकाळपासून तो सोडत नसून आवळत असू. भौतिकशास्त्रात माझा पहिला वर्ग होता. विभागप्रमुखांकडे बघितलं. त्यांनी पाय पसरले होते आणि चेहऱ्यावर, आपण एका होतकरू माणसाला वर काढतो आहोत, असं समाधान होतं. मी पाना पुन्हा डावीकडे लावला.

संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आला.

"सर, डावा आटा असन त्याले. पंख्याचा नट हाये. उजवीकडं फिरवून पाहा."

भिंतीवर कोपरं टेकून आमचे शेजारी उभे होते. अकोल्याकडचे, बदलीवर जयपूरला आलेले, लोको शेडमध्ये फिटर. कामावरून येताना दिसले की मी मान हलवत असे, तेही हलवत.

"कोण हे?" विभागप्रमुखांनी मला हळू विचारलं.

"शेजारी. लोकोमध्ये फिटर आहेत."

"हं." मग मोठ्याने, गोड आवाजात: "अहो भाऊ, ते रेल्वेचं इंजिन. ही मोटार आहे. दोन्ही वेगळी."

"ते वाफेवर, हे पेट्रोलवर," डॉक्टर म्हणाले.

मीही हसलो. किती हसलो ते आता आठवत नाही, पण आवाज भिंतीपलीकडे गेला असेल एवढा नक्की.

"बरं," शेजारी म्हणाले. "आवळा मंग." आणि आत गेले.

रविवारी सकाळी पाइप आणखी लांब झाला. डॉक्टर आज जुना शर्ट घालून आले होते, त्यामुळे पाइपाच्या टोकाला आम्ही दोघे. त्यांनी "एक, दोन" म्हटलं आणि तीनच्या आधीच जोर लावला. पाना सटकला, पाइप रेडिएटरवर आपटला, जाळीत खड्डा पडला. डॉक्टरांची बोटं सोलली. इतरांची मोडलेली हाडं बसवताना कधी पापणी न लववणारा तो माणूस स्वतःच्या सोललेल्या कातडीकडे बघून मटकन खुर्चीत बसला. बायकोने हळद लावली.

"इन्फेक्शन होईल," ते म्हणाले आणि निघून गेले.

दीड वाजता विभागप्रमुखही उठले. "मी जरा पडतो. पाचला येतो. तोवर तुम्ही जोर लावत राहा. आणि उद्याचं विसरू नका हं. गाडी नसेल तर मला त्यांना काय सांगायचं ते बघावं लागेल."

काय सांगायचं ते बघावं लागेल. ते वळणावरून दिसेनासे होईपर्यंत मी पाना धरून उभा होतो. मग बायको म्हणाली, "जाता का मी जाऊ?"

कुठे, हे विचारावं लागलं नाही. मी भिंतीला वळसा घालून शेजाऱ्यांच्या दारात गेलो.

शेजाराच्या दीड वर्षात पहिल्यांदा. दोन्ही एप्रिलमध्ये त्या दारावर निळा झेंडा लागलेला मी पाहिला होता. मंडळाच्या गणपतीसाठी शहरातल्या मराठी घरांची यादी करायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझं अक्षर चांगलं. रेल्वे क्वार्टरांतून मी एका गार्डचं आणि एका गुड्स क्लार्कचं नाव घातलं होतं. हे नाव घातलं नव्हतं. कुणी मला घालू नको म्हणून सांगितलं नव्हतं. विभागप्रमुखांना काय आवडेल ते न विचारता ओळखण्यात मी तोवर तरबेज झालो होतो.

ते जेवायला बसले होते. "या सर, बसा जी," म्हणाले. त्यांच्या बायकोने पाण्याचा तांब्या आणला. मी सगळा प्यालो.

"नट..." मी म्हटलं.

"सुटला नाही."

"नाही."

"कसा सुटन? दोन दिस आवळून राह्यले ना तुमी तिघं." त्यांनी घास खाल्ला. "मी हिला म्हनलं, शिकलेले लोक हायेत, कई ना कई थकतीन."

त्यांची बायको तोंडाला पदर लावून आत गेली.

ते हात धुऊन आले ते एक छोटा ब्लो लॅम्प आणि कापडात गुंडाळलेली हत्यारं घेऊन. नटाकडे बघून त्यांनी चुकचुक केलं, जसं काही एखाद्या मुलाला फार मारलेलं दिसावं. "असा आवळला नसता तर दोन मिंटाचं काम होतं. आता याले तापवा लागते." हत्यारांतला एक तुटका पट्टा पुलीभोवती गुंडाळून त्याची दोन्ही टोकं त्यांनी माझ्या हातात दिली. "वयनी, तुमी सोडा आता. सर धरतीन. घट्ट धरा सर, कविता म्हनाची नाही हे."

नट तापवला. थंड होऊ दिला. पुन्हा तापवला. हातोडीने चारी बाजूंनी हलके ठोके दिले. ठोकता ठोकता ते सांगत होते की पंखा वारा कापतो तेव्हा वारा त्याला मागे ओढतो. आटे सरळ असते तर त्या ओढीने नट रोज थोडा थोडा सैल झाला असता. उलटे ठेवले की तीच ओढ तो घट्ट ठेवते. अशी सोपी मांडणी मी वर्गात कधी केली नव्हती. मग त्यांनी पाना लावला, पाइप न लावता, आणि उजवीकडे एक झटका दिला. कट्ट असा आवाज झाला. मला वाटलं काहीतरी मोडलं.

"सुटला," बायको म्हणाली. माझ्याआधी तिला कळलं.

पंखा जमिनीवर आला. त्यांनी जुना पंप काढला, बसण्याची जागा खरवडून साफ केली, नवा बसवला, रेडिएटरच्या जाळीतला खड्डा बोटांनी सरळ केला. मी कापडं दिली, पाने दिले, पट्टा धरला. माझे वडील आयुष्यभर हेच करत आले आणि मला मात्र एकच सांगत राहिले, हात काळे करू नको. मी त्यांचं इतकं ऐकलं होतं की पान्यांचे नंबरसुद्धा मला वाचून दाखवावे लागत होते.

पाच वाजता विभागप्रमुख आले. पंखा अजून खाली होता, पुन्हा चढवायचा राहिला होता.

"वा!" ते म्हणाले. "मी म्हटलंच होतं. जोर लावत राहिलं की निघतं." मग त्यांना गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. "हे?"

शेजारी बाहेर सरकले आणि उठून उभे राहिले. कपाळावर ग्रीस होतं. ते माझ्याकडे बघत होते. बायकोही माझ्याकडे बघत होती.

"शेजारी आहेत सर," मी म्हटलं. "जरा मदतीला आले होते."

"छान, छान. शेजारधर्म." विभागप्रमुख खुर्ची शोधू लागले.

शेजाऱ्यांनी हत्यारं एकेक करून पुसली, कापडात गुंडाळली आणि गाठ मारली. "मंग पंखा तुमीच चढवा सर," ते मला म्हणाले. "आता जरासंच काम राह्यलं."

ते गेले. दोन दिवस धुऊनही काळे राहिलेले हात पदराला पुसत बायको आत गेली, आणि त्या दिवशी विभागप्रमुखांना चहा मिळाला नाही.

सोमवारी गाडी उत्तम चालली. तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या वर गेला नाही. तज्ज्ञ उंच, पांढऱ्या केसांचे, थकलेले गृहस्थ होते. ते मागच्या सीटवर बसले. मी माझं नाव सांगणार तेवढ्यात त्यांनी डोळे मिटले. कॉलेजच्या फाटकात उतरताना म्हणाले, "भैया, गाडी छाया में लगाना. शाम को इसी से वापस जाऊँगा." मी गाडी सावलीत लावली, नळावर तोंड धुतलं, कोट चढवला आणि रांगेत जाऊन बसलो. अशा रीतीने त्यांच्या कानावर माझं नाव पडलं नाही ते पडलंच नाही.

आत गेलो तेव्हा ते कागद बघत होते. मान वर केली आणि थबकले.

"आप?"

"जी सर."

त्यांना वाईट वाटलं. मग त्यांची नजर माझ्या नखांवर गेली. नखांत काळं होतं. साबणाने, लिंबाने, कशाने गेलं नव्हतं. विभागप्रमुख चटकन म्हणाले, "ही इज अ व्हेरी प्रॅक्टिकल मॅन, सर. काल त्यांनी घरी स्वतः इंजिनाचा पंखा काढून पंप बदलला."

तज्ज्ञ एकदम सरळ बसले. झोप कुठल्या कुठे गेली. त्यांच्याकडेही म्हणे तशीच जुनी गाडी होती आणि तसाच एक पंखा. "मुझसे तो नहीं निकला कभी," ते म्हणाले, आणि मग इंग्रजीत विचारलं, "खरंच तुम्ही काढलात?"

मी विभागप्रमुखांकडे बघितलं. ही सवय होतीच.

"येस सर," मी म्हटलं.

"मग सांगा, त्याचे आटे उलटे का असतात?"

मी सांगितलं. वारा मागे ओढतो. सरळ आटे असते तर त्या ओढीने नट रोज थोडा थोडा सैल झाला असता. उलटे ठेवले की तीच ओढ त्याला घट्ट ठेवते. शब्दाला शब्द. फक्त वऱ्हाडीचं इंग्रजी केलं. तज्ज्ञांनी टेबलावर थाप मारली. असं स्वच्छ उत्तर त्यांना सकाळपासून कुणी दिलं नव्हतं म्हणाले. विभागप्रमुख, ज्यांनी दोन दिवस तो नट डावीकडे फिरवायला लावला होता, मान डोलावत होते. पुढे मला काही विचारलं गेलं नाही.

नेमणुकीचं पत्र जूनच्या शेवटी आलं. मला कायम करण्यात आलं, आणि माझ्याबरोबर गाडीलाही. त्यानंतरची कित्येक वर्षं कॉलेजात जो कुणी पाहुणा, परीक्षक, व्याख्याता आला तो माझ्या मागच्या सीटवर बसून आला. मंडळात विभागप्रमुख पंख्याची गोष्ट सांगत. तिच्यात चिकाटी होती, तरफ होती, डॉक्टरांची सोललेली बोटंसुद्धा होती.

पत्र आलं त्या संध्याकाळी बायकोने पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे बोट केलं. "मी येणार नाही," ती म्हणाली. "तुमची नोकरी, तुम्ही जा."

शेजारी दारातच खाट टाकून बसले होते. मी पुडा उघडून पुढे केला. "कायम झालो."

"बेस झालं," ते म्हणाले. मनापासून म्हणाले असावेत; मला तसं वाटलं. पेढा घेतला, अर्धा मोडून आपल्या बायकोला दिला. मग पेढा चघळत विचारलं, "इंटरव्ह्यूत काय पुसलं मंग तुमाले?"

खरं सांगायला तिथे काहीच अडचण नव्हती. ना विभागप्रमुख होते, ना समिती. उन्हं उतरली होती आणि रस्त्यावर कुणी नव्हतं.

"विषयातलंच," मी म्हटलं. "भौतिकशास्त्र."

"असं का." त्यांनी बोटं धोतराला पुसली. "अवघड असन ना?"

मी मान हलवली. त्यांनीही हलवली, आणि दुसरा पेढा मात्र घेतला नाही.